'ऋण प्रबलन' गावात कसं सांगायचं?

कोरडवाहू:
यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मास्तर आहे. पालकसभेसाठी मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या वर्तनवादावर, म्हणजे परिणामांमुळे वागणं कसं घडतं यावर, दोन पानं मराठीत काढली. 'निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट'ला पुस्तकातलं 'ऋण प्रबलन' ठेवलं, तर एका पालकाने विचारलं, "सर, पोराच्या अभ्यासात कर्ज कुठून आलं?" 'नकारात्मक प्रबलन' केलं, तर सोबतच्या मॅडम म्हणाल्या, म्हणजे छडीच ना? नाही हो! दुसरा शब्द आहे का?

शुद्धमती:
धनभार-ऋणभार शाळेतच शिकवता ना? परिभाषा मोडू नये. वर्तन वाढवतं ते प्रबलन. काही देऊन वाढलं तर धन, त्रासाचं काही काढून वाढलं तर ऋण. शिक्षेने वर्तन कमी होतं. अडचण कुठे आहे?

ढेपवाला:
ताई, अडचन वावरात येऊन पाहा. नवा गोऱ्हा वखराले जुपला का मधातच बसते. मंग तुतारी टोचा लागते. उठून चालला का तुतारी हटवाची. हटवली म्हनून तो चालाले शिकते, हे तुमचं ऋन. उभ्या पिकात तोंड घातलं म्हनून फटका हानला, ते शिक्षा. संध्याकाळी ढेप देल्ली, ते धन. आमचा एक सालदार चालत्या बैलालेबी टोचत राहे. बैल काय शिकन? शेवटी जू दिसलं का बसाचा.

कोरडवाहू:
भाऊ, माझी दोन पानं फुकट गेली! पण शब्द?

उंबरठा:
'सोकावणे' काय वाईट आहे? म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. हे प्रबलनच की. शौक, सोक, सोकावणे.

शुद्धमती:
व्युत्पत्ती कानाला गोड आहे, पुरावा कुठाय? आणि सोकावणे वाईटालाच लागतं. पोरगं पाढ्यांना सोकावलं, असं कोण म्हणतं?

उंबरठा:
माझी आजी म्हणायची! "नातू गोष्टीला सोकावला," आणि वर गूळ-शेंगदाणे द्यायची. तुमच्या पुस्तकात 'कंडिशनिंग'ला, म्हणजे सवय लावण्याला, जो 'अभिसंधान' शब्द आहे त्याचं काय? आपट्यांच्या संस्कृत कोशात त्याचा एक अर्थ फसवणूक आहे.

रात्रपाळी:
इंग्रजी शब्द तरी कुठे सोवळा आहे? घंटा ऐकून कुत्र्याला लाळ सुटते, त्या प्रयोगवाल्या पावलोव्हचा रशियन 'उस्लोव्नी' म्हणजे अटीवर अवलंबून असलेला. इंग्रजीत जाताना त्याचा 'कंडिशन्ड' झाला, आणि आपण त्यावरून अभिसंधान घडवलं. जाता जाता, त्याचं 1904 चं नोबेल पचनक्रियेवरच्या कामाचं. आणि घंटेचं एवढं कौतुक, पण मेट्रोनोमही भरपूर वापरलाय त्याने.

शुद्धमती:
म्हणून काय 'सशर्त लाळ' म्हणायचं?

रात्रपाळी:
म्हणा की. निदान कर्ज तरी वाटणार नाही. पण ढेपवाला भाऊ, तुतारी तर वाजवायची ना? टोचायची ती पराणी.

ढेपवाला:
वाजवाची अलग, बाप्पा. काठीच्या टोकाले चूक, म्हंजे बारीक खिळा, ठोकली का तुतारी. पराणी तिकडं घाटावर.

रात्रपाळी:
चूक नाही, आर असते तिला.

कोरडवाहू:
मंडळी, सभा शनिवारी आहे.

ढेपवाला:
आर चांभाराजवळ राह्यते, भाऊ. आमच्या तुतारीले चूकच.