सांबराची शिंगं खरंच गळून पडतात का?

पाटीपेन्सिल:
मे महिन्यात आम्ही ताडोबाला गेलो होतो. पाणवठ्यावर एक भलंमोठं नर सांबर आलं, पण डोक्यावर शिंगांच्या जागी नुसते दोन खुंट. शेजारच्या चितळाची शिंगं मात्र पूर्ण, टोकदार. गाईड म्हणाला, "गळली, पावसाळ्यात परत वाढतील." आईला पटेना. "बैलाचं शिंग मोडलं ते मोडलं. परत येतं का कधी?" झुंजीत मोडली असतील का?

मोहाचंझाड:
ताई, गाईडचंही बरोबर आणि आईचंही. बैलाचं किंवा काळविटाचं शिंग म्हणजे हाडाच्या खुंटावर बसलेलं नखासारखं टोपण, जन्मभर एकच. सांबर-चितळाचं शिंग मात्र भरीव हाड, दरवर्षी नवं. आपण काळविटालाही हरीणच म्हणतो, घोळ तिथे होतो.

मी बारा उन्हाळे जिप्सीत गाईड म्हणून बसलोय. सांबराची शिंगं साधारण उन्हाळ्यात गळतात, पावसाळाभर वाढतात आणि थंडीत माजाच्या वेळी तयार असतात. चितळांचा माज उन्हाळ्यात, म्हणून तुम्हाला त्याची पूर्ण दिसली. तरी चितळांचं काही खरं नाही, एकाच कळपात एकाची टणक तर दुसऱ्याची कोवळी.

कोवळ्या शिंगावर मखमलीसारखी लव असलेली कातडी असते, तिच्यात रक्त खेळतं. तेव्हा मार बसला तर त्या वर्षीचं शिंग वाकडंच वाढतं. पुढे हाड टणक होतं, कातडी सुकते, नर ती झाडाला घासून काढतो. एका सकाळी एक चितळ बघितलं, शिंगं लालभडक, कातडीची लक्तरं डोळ्यांवर लोंबतायत आणि पठ्ठ्या त्यातलंच एक चघळतोय! पर्यटकांना वाटलं वाघाने पकडलं होतं.

माज ओसरला की नराची संप्रेरकं उतरतात, कवटीजवळच्या सांध्यातलं हाड झिजतं आणि शिंग पडतं. दोन्ही एकदमच पडतील असं नाही.

आणि फाटे मोजून वय सांगणाऱ्याचं ऐकू नका. म्हाताऱ्या सांबरालाही एका बाजूला बहुधा तीनच.

फडताळ:
आमच्या आजीकडे सांबरशिंगाचा तुकडा होता. सहाणेवर उगाळून सुजेवर लेप लावायची. ते गळलेलंच असणार ना?

मोहाचंझाड:
नुसत्या तुकड्यावरून नाही सांगता येणार. बूड बघावं लागतं. गळलेल्याचं बूड बटणासारखं गोल, खरबरीत, भोवती दाणेदार कडं. कवटीचं हाड चिकटलेलं असेल तर ते मेलेल्या जनावराचं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गळलेलं शिंगही उचलून घरी नेता येत नाही. तसंही रानात ते वाया जात नाही, साळिंदर चुन्यासाठी कुरतडतं. दातांच्या खाचा शेजारी शेजारी अशा उमटतात, जणू कुणी पटाशी चालवलीय.

पाटीपेन्सिल:
आईला वाचून दाखवलं. "बैलाचं मी बरोबरच सांगितलं होतं," म्हणाली. बाकीचं ऐकलंच नाही.