संशोधनात 'सहभाग' म्हटलं की लोक घाबरतात. दुसरा शब्द सुचवा

रानजाई
नमस्कार मंडळी. एका पत्रकाच्या अनुवादात अडकले आहे. विषय गुडघेदुखीवरच्या उपचारांचा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू. आजवर झालेल्या सगळ्या चाचण्या गोळा करायच्या, पारखायच्या आणि एकत्र काय दिसतं ते मांडायचं. हे काम चालू असतानाच ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी मसुदा ऑनलाइन वाचून सांगायचं की बाबांनो, तुम्ही दुखणं किती कमी झालं एवढंच मोजताय, मला जिना उतरता येईल का ते कुठे आहे? मूळ शब्द 'पब्लिक इन्व्हॉल्व्हमेंट'. मी लिहिलं, 'संशोधनात सहभागी व्हा'.

बार्शीच्या मावशीला वाचायला पाठवलं. तासाभरात फोन. "अगं, म्हणजे आमच्यावर औषध लावून बघणार का? मी सही करायची नाही बाई." तिचं चुकलं नाही. मागे एका दवाखान्यात तिच्या हातात चाचणीचं संमतीपत्र आलं होतं, त्यात पानोपानी 'सहभागी' हाच शब्द होता.

इंग्लंडात हे शब्द मुद्दाम वेगळे ठेवलेत. चाचणीत औषध घेतो तो पार्टिसिपंट. काय शोधायचं, काय मोजायचं हे ठरवण्यात लोकांचा हात असणं म्हणजे इन्व्हॉल्व्हमेंट. लोकांवर, लोकांविषयी किंवा लोकांसाठी केलेलं नव्हे, तर लोकांबरोबर किंवा लोकांनीच केलेलं संशोधन, अशी तिथली व्याख्या आहे. आपण दोन्हीकडे 'सहभाग' लिहून मोकळे होतो. शुक्रवारी पत्रक छापायला जातंय.

कोशातला_कोपरा
'सहयोग' लिहा. शुद्ध आहे, आणि अंगावर प्रयोग होण्याची छटा नाही.

माणदेशी
सहयोग म्हटलं की माणूस खिशाला हात लावतो. वर्गणीच्या पावतीवर छापलेला असतो तो शब्द. 'सामील' का नको? 'तुम्हीही सामील व्हा.' कुणालाही कळेल.

कोशातला_कोपरा
सामील अरबीतून आलाय. आणि 'गुन्ह्यात सामील' ही छटा विसरलात. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी-अरबी शब्दांना पर्याय मिळावेत म्हणूनच ना?

माणदेशी
कोशाबद्दल आदर आहेच. पण तीनशे वर्षांनंतरही आपण अर्ज करतो, तारीख घालतो आणि आजारी पडलो की दवाखान्यात जातो. बार्शीच्या मावशींना 'चिकित्सालयात चला' म्हणून बघा. माझी आजी शेवटपर्यंत 'दवाखाना' म्हणत होती, आणि तिची मराठी तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली होती.

निवृत्त_ग्रामसेवक
'लोकसहभाग' कुणी सुचवायच्या आत सांगतो, तो अजिबात नको. गावात त्याचे दोनच अर्थ: श्रमदान आणि पाणीयोजनेची १० टक्के लोकवर्गणी. नोकरीत मी स्वतः पावत्या फाडल्यात. लोकांचं मत घ्यायचं असलं की आम्ही सरळ 'विचारून घ्या' म्हणायचो.

लीड्सकर
मी इथून थोडी भर घालते. कॉक्रन ही संस्था १९९३ पासून असे रिव्ह्यू करते. मसुदा वाचून मत देणाऱ्या लोकांना तिथे 'कन्झ्युमर' म्हणतात. त्यांच्या जुन्या बोधचिन्हात आडव्या रेघा आहेत, एकेक रेघ म्हणजे एकेक चाचणी. दिवस भरण्याआधी बाळंत होणाऱ्या बाईला स्टिरॉइड दिलं तर बाळ वाचतं का, हा प्रश्न. पहिली चाचणी १९७२ ची. सगळ्या एकत्र मांडायला कितीतरी वर्षं गेली, आणि तोवर औषधाविना बाळं गेली. म्हणून मला हे काम जवळचं वाटतं. पण कन्झ्युमरला मराठीत काय म्हणू? ग्राहक?

कोशातला_कोपरा
रुग्ण हा ग्राहक नव्हे! आजार कुणी विकत घेतो का?

निवृत्त_ग्रामसेवक
कायद्याने आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली पैसे घेऊन दिलेली डॉक्टरी सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. त्या निकालाने कित्येकांना दाद मागता आली.

माणदेशी
ग्राहक आणि गिऱ्हाईक एकाच घरातले, दोन्ही 'ग्रह्' म्हणजे घेणे यातून आलेले. तरी बघा, ग्राहक राजा झाला आणि गिऱ्हाईक मात्र 'केलं' जातं. आमच्याकडे नवख्याची टिंगल केली की 'त्याचं गिऱ्हाईक केलं' म्हणतात. पत्रकात ग्राहक लिहिलंत तरी लोकांच्या कानात गिऱ्हाईक वाजणार.

रानजाई
मावशीला पुन्हा फोन केला. नीट समजावल्यावर म्हणाली, "मग असं म्हण ना, आम्हाला विचारात घेणार." विचारणं आणि विचार, दोन्ही आले त्यात. 'संशोधनात लोकांना विचारात घेणे' कसं वाटतं?

लीड्सकर
छान आहे. पण माझी अडचण पुढची. मी कॉक्रन क्राउडवर काम करते, म्हणजे कॉक्रनच्या स्वयंसेवकांच्या संकेतस्थळावर. २०१६ ला सुरू झालं ते. डॉक्टर असायची गरज नाही. स्क्रीनवर एका लेखाचं शीर्षक आणि गोषवारा येतो. त्यात माणसांचे गट रँडम, म्हणजे निव्वळ योगायोगावर सोडून, पाडलेत का, एवढं ठरवायचं. काल एक आला, सम तारखेला आलेल्यांना औषध, विषम तारखेला आलेल्यांना नाही. हे रँडम नव्हे, कारण पुढचा माणूस कुठल्या गटात जाणार ते डॉक्टरला आधीच कळतं. हे मराठीत शिकवताना 'यादृच्छिक' म्हटलं की सगळे 'यथेच्छ' समजतात.

कोशातला_कोपरा
त्यांना गीता वाचायला सांगा. 'यदृच्छालाभसन्तुष्टो', म्हणजे न मागता, आपसूक मिळालेल्यावर समाधानी. शब्द अचूक आहे.

माणदेशी
अचूक असेल, पण कळायला गीता लागते. 'चिठ्ठ्या टाकून' म्हणा.

निवृत्त_ग्रामसेवक
'सोडत'! म्हाडाच्या घरांची सोडत सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाचा नंबर लागेल ते आधी कुणालाच माहीत नसतं.

लीड्सकर
पण सोडतीत नंबर लागला की घर मिळतं. इथे नवं औषध मिळणं म्हणजे बक्षीस, असं वाटायला नको. ते चांगलं की वाईट हेच तर शोधायचं असतं.

आंबोलीचा_पाऊस
आमच्याकडे देवळात कौल लावतात. डाव्या-उजव्या बाजूला कळे चिकटवायचे आणि कुठला आधी पडतो ते बघायचं. तिथेही आधी कुणाला सांगता येत नाही. 'कौल' चालेल?

कोशातला_कोपरा
कौलही अरबीच.