पालिकेचं बजेट वाचनालयात बघायला मिळतं का?

प्रश्न: आमच्या गल्लीतल्या रस्त्याला यंदा किती पैसे ठेवलेत ते बघायचंय. अण्णा म्हणाले वाचनालयात जा. तिथं असलं काय मिळतं का ओ?

उत्तर: जावा की! जुने पेपर ठेवलेले असतात, बजेटच्या दिवसांतले काढून बघा, आणि ग्रंथपालांना बिनधास्त विचारा.

उत्तर: माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४ बघा. बजेट, खर्च हे कार्यालयानं न मागता जाहीर करायचं असतं, लोकांसाठी वाचनकक्ष असेल तर त्याची वेळसुद्धा. नाही मिळालं तर १० रुपये फी भरून अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

प्रश्नकर्ता: अर्ज लिहायला जमंल का मला?

उत्तर: अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात, त्यांना हे कायदे पाठ असतात, मला त्यांनीच लिहून दिलावता.