२९-४ झालं तरी रेड सॉक्स थांबले का नाहीत?

पंचगंगा_पंच:
लहानपणापासून क्रिकेटच पाहिलं, बेसबॉल आत्ता कुठे कळायला लागलाय. जुने स्कोअर चाळताना ८ जून १९५० चा सामना दिसला: बॉस्टन रेड सॉक्स २९, सेंट लुईस ब्राउन्स ४. आदल्याच दिवशी याच दोघांत २०-४! आपल्याकडे कर्णधार केव्हाच डाव सोडून मोकळा झाला असता. आघाडी वीसच्या वर गेल्यावरही मारत राहायचं, हे मला पटेना. तिथे डाव सोडता येत नाही का?

चार्ल्सकाठी:
नाही येत. क्रिकेटमध्ये डाव सोडतात तो समोरच्यांना बाद करायला वेळ मिळावा म्हणून. बेसबॉलमध्ये वेळ संपतच नाही, ठरलेले आउट मिळाल्याशिवाय सुटका नाही. सामना नऊ इनिंगचा, आणि प्रत्येक इनिंगमध्ये घरचा संघ नंतर फलंदाजी करतो. बॉस्टनचा संघ घरच्या मैदानावर, फेनवे पार्कला होता आणि पुढे होता, म्हणून त्यांना नववी इनिंग खेळावीच लागली नाही. म्हणजे २९ धावा आठच इनिंगमधल्या. इनिंगला तीन आउट, म्हणजे ब्राउन्सना २४ आउट हवे होते, आणि ते काही केल्या मिळेनात.

मी फेनवेला जातो तेव्हा पेन्सिलीने स्कोअरकार्ड भरतो. एका इनिंगला एक उभा रकाना, नऊ फलंदाजांची नऊ घरं. त्या दिवशी दुसऱ्या इनिंगमध्ये बॉस्टनच्या आठ धावा झाल्या. आठ धावा आणि तीन आउट, म्हणजे किमान अकरा जण खेळले. नऊ घरं संपली की शेजारच्या रकान्याचा आकडा खोडून तिथे घुसावं लागतं, आणि मग पुढचं सगळं कार्ड सरकतं. पहिल्या नंबरचा क्लाइड व्होल्मर आठ इनिंगमध्ये आठ वेळा खेळायला आला! बॉबी डोरचे तीन होमरन (आपल्या षटकारासारखे, थेट मैदानाबाहेर), वॉल्ट ड्रोपो आणि टेड विल्यम्सचे दोन-दोन. अल झरिलाचे चार डबल, म्हणजे फलंदाजाला थेट दुसऱ्या बेसवर पोचवणारे फटके.

पण माझं लक्ष दर वेळी चक स्टॉब्जपाशी अडतं. तो बॉस्टनचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. तेव्हा पिचरलाही फलंदाजी करावी लागायची आणि तो बहुधा सगळ्यात कच्चा दुवा असायचा, आणि ब्राउन्सच्या पिचरांनी त्यालाच चार वॉक दिले, म्हणजे चुकीचे चेंडू टाकून चारदा पहिला बेस फुकट दिला. चेंडू स्ट्राइक झोनमध्ये, म्हणजे फलंदाजासमोरच्या वैध चौकटीत, पडेचना त्यांचा. बॉस्टनने निर्दयपणा केला असं मला वाटत नाही. समोरचा जीव तोडून टाकतोय आणि आपण मुद्दाम आउट व्हायचं, हा त्याचा जास्त मोठा अपमान झाला असता.

रात्रपाळी:
मग त्या वर्षी तेच चॅम्पियन झाले असतील ना?

चार्ल्सकाठी:
नाही हो. १५४ सामन्यांच्या मोसमात १०२७ धावा काढून तिसरे आले, पहिल्या आलेल्या यांकीजच्या चार सामने मागे. २९-४ असो की ५-४, तक्त्यात विजय एकच धरतात. त्यात जुलैच्या ऑल-स्टार सामन्यात (निवडक खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्यात) झेल घेताना विल्यम्स भिंतीवर आदळला आणि कोपर मोडून दोन महिने बाहेर बसला.

पंचगंगा_पंच:
मनापासून आभार. स्कोअरकार्डमुळे नीट कळलं. आणि ब्राउन्सचं पुढे काय झालं?

चार्ल्सकाठी:
१९५४ साली तो संघ बाल्टिमोरला गेला, तेच आजचे ओरिओल्स. २९ धावांची बरोबरी १९५५ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सनी केली. तो आकडा मोडला २००७ मध्ये, टेक्सास रेंजर्सनी ३०-३ करून. समोर कोण? ओरिओल्सच. मला फार वाईट वाटलं होतं. तीन इनिंग झाल्या तेव्हा ओरिओल्स ३-० ने पुढे होते. तीस धावा खाऊन त्यांना त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं होतं, कारण डबलहेडर होता, म्हणजे एकाच दिवशी दोन सामने. दुसरा सामनाही ९-७ ने गेला.