रविवारी रंगारी येणार, चौकटीवरच्या खुणा कशा जपू?

उंबरठा

नमस्कार मंडळी,

प्रश्न एका दाराच्या चौकटीचा आहे. आतल्या खोलीचं दार, चौकट लाकडी, वरून पांढरा ऑइल पेंट. तिच्या डाव्या अंगाला आमच्या दोन मुलांच्या उंचीच्या खुणा आहेत, पेन्सिलीने केलेल्या, थोरली तीन वर्षांची होती तेव्हापासूनच्या. घर भाड्याचं आहे. मालकांनी रंगकाम काढलंय ते योग्यच आहे, चौकटीचे पोपडे निघायला लागले होते. पण रविवारी रंगारी येणार आणि रंगाआधी सगळं घासून घेणार हे कळल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

फोटो काढून झाले. धाकट्याला दाखवले तर तो म्हणाला, "पण ह्यात मी कुठे उभा राहू?" मला उत्तर सुचलं नाही, म्हणून इथे विचारतोय.

काय काय आहे ते सांगतो. थोरलीच्या नऊ खुणा, दर वाढदिवसाची एक. पहिली ९५ सेंटीमीटरवर, अकराव्या वाढदिवसाची १४१.५ वर. धाकट्याच्या सहा. दोन वर्षांचा असताना तो उभा राहायलाच तयार नव्हता, मग तो झोपल्यावर बायकोने त्याच्या डोक्याला एक आणि टाचांना एक अशी दोन पुस्तकं टेकवून मधलं अंतर मोजलं आणि तेवढ्यावर रेघ मारली. यंदा सातव्या वाढदिवसाला तो १२१ भरला. ताई सात वर्षांची असताना १२० होती. तेव्हा तो ताईच्या एक सेंटीमीटर पुढे आहे, आणि हे त्याने घरी आलेल्या प्रत्येकाला हाताला धरून दाराशी नेऊन दाखवलंय.

थोरलीची आठव्या वर्षाची खूण चुकलेली आहे. शाळेतून आली तशीच तिला उभी केली होती, पायात बूट आहेत हे माझ्या ध्यानातच आलं नाही. पुढच्या वर्षी मोजलं तर वाढ फक्त अडीच सेंटीमीटर! बायकोच्या डोळ्याला दोन रात्री डोळा नाही. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पुन्हा मोजलं आणि विचारलं, "मागच्या वेळी पायात काय होतं?" ती खूण आम्ही खोडली नाही. थोरलीनेच तिच्यापुढे बारीक अक्षरात 'बुटांसकट' असं लिहून ठेवलं.

अगदी खाली, जमिनीपासून दीड वितीवर, धाकट्याच्या कापडी हत्तीची खूण आहे. धाकट्याच्या वाढदिवसाला हत्तीलाही चौकटीशी उभं करावं लागतं. एकाच रेघेपुढे चार वेळा 'तेवढाच' लिहिलंय. पहिले दोन माझ्या अक्षरात, पुढचे दोन त्याच्या.

आणि एक कोडं. परवा टेप लावून सगळे आकडे वहीत उतरवत होतो, तेव्हा थोरलीच्या शेवटच्या खुणेच्या वर तीन फिकट, जराशा तिरप्या रेघा दिसल्या. १४२.८, १४४.७ आणि १४६.५. ना नाव, ना तारीख. धाकट्याने गळ्याची शपथ घेऊन सांगितलं की त्याने केलेल्या नाहीत. मुलांच्या मित्रमंडळींपैकी कुणाच्या असाव्यात. थोरलीच्या म्हणाव्यात तर ती हल्ली चौकटीशी उभी राहतच नाही. वाढदिवसाला कशीबशी राहिली, नंतर एकदा मी "चल, मोजू या" म्हटलं तर "बाबा, नको ना" म्हणून निघून गेली. त्या वाढदिवसाला आता आठ महिने होतील.

तर खुणा उचलून नेण्याचा काही उपाय आहे का? आणि घर रंगण्याआधी थोरलीला एकदा शेवटचं उभं राहायचा आग्रह करावा की राहू द्यावं?

सुतारकन्या

पहिलं सांगते, चौकट उखडायचा विचार मनात आला असेल तर सोडून द्या. ती भिंतीत होल्डफास्टने (भिंतीत गाडलेल्या लोखंडी पट्ट्यांनी) पकडलेली असते, काढायला गेलात तर बाजूचं प्लास्टर फुटतं. चौकटीवर वरून ठोकलेली सुटी पट्टी असेल आणि खुणा त्या पट्टीवर असतील, तर मात्र मालकांना विचारून ती पट्टीच मागून घ्या आणि तिथे नवी लावून द्या. फार मोठं काम नाही.

खुणा थेट चौकटीवर असतील तर ट्रेसिंग करा. त्यातही साधा ट्रेसिंग पेपर नको, तो दमट हवेत फुगतो आणि सुरकुततो. नकाशे काढायला वापरतात ती ड्राफ्टिंग फिल्म घ्या, प्लास्टिकची असते, मापाला पक्की. तिची लांब पट्टी मास्किंग टेपने चौकटीवर लावा, खालची कड बरोबर जमिनीला टेकवा आणि तिथे शून्य लिहा. हे विसरू नका. शून्य चुकलं तर सगळ्या खुणा चुकतील. मुलं जमिनीवर उभी राहत होती की उंबरठ्यावर, ते आठवून तिथूनच शून्य धरा. अक्षरंही जशीच्या तशी गिरवा, टाइप करून लावू नका. नव्या घरात गेलात की पट्टी जमिनीपासून लावायची, धाकट्याला उभं राहायला जागा मिळेल.

अजून एक. घर जुनं असेल तर जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. कोरडा पॉलिश पेपर मारला की त्याची धूळ उडते आणि ती लहान मुलांना फार वाईट. रंगाऱ्याला पाणी मारून घासायला सांगा, मुलांना त्या वेळी घराबाहेर ठेवा आणि नंतर फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या, झाडू मारू नका.

निवांत दुपार

मी बालरोगतज्ज्ञ आहे. 'बुटांसकट' वाचून बरं वाटलं. आमच्याकडे 'वाढ थांबली' म्हणून येणाऱ्या काही मुलांची वाढ थांबलेली नसते, मोजण्यात चूक झालेली असते.

पुढच्या वेळेसाठी सांगतो. पाय उघडे, केस बांधलेले असतील तर सोडलेले. टाचा, पार्श्वभाग, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू चौकटीला टेकलेली. नजर सरळ समोर. डोक्यावर पेन्सिल आडवी धरू नका, ती हमखास कलते. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक किंवा गुण्या (सुताराची काटकोनी पट्टी) ठेवा, एक कड चौकटीला पूर्ण चिकटलेली हवी. आणि दर वेळी साधारण एकाच वेळेला मोजा. दिवसभर उभं राहून, चालून मणक्यांमधल्या चकत्या दबतात, त्यामुळे सकाळी उठल्या उठल्याची उंची संध्याकाळपेक्षा सुमारे सेंटीमीटरभर जास्त भरते. तुमच्या बायकोने झोपलेल्या बाळाचं माप घेतलं ते बरोबरच केलं, दोन वर्षांखालच्या मुलांना आम्हीही निजवूनच मोजतो. फक्त आडवं माप उभ्यापेक्षा साधारण ०.७ सेंटीमीटर जास्त येतं, एवढं त्या खुणेपाशी लिहून ठेवा.

आता तुमचं कोडं. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मुलं वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढतात. (नीट मोजूनही वर्षभरात ४ सेंटीमीटरपेक्षा कमी वाढ दिसली तर दाखवावं.) मग एकदम वेग येतो. मुलींमध्ये तो बहुधा अकरा-बाराच्या सुमारास सर्वांत जास्त असतो, वर्षाला ८ सेंटीमीटरच्या आसपास. मुलग्यांमध्ये दोनेक वर्षांनी उशिरा. तुमची मुलगी आता अकरा वर्षं आठ महिन्यांची. १४१.५ पासून १४६.५ पर्यंत, म्हणजे आठ महिन्यांत ५ सेंटीमीटर. रेघाही मधल्या पायऱ्यांसारख्या एकावर एक. मित्रमंडळींच्या असत्या तर इतक्या शिस्तीत आल्या नसत्या. मला त्या तुमच्या मुलीच्याच वाटतात. तिरप्या आहेत, कारण एकटीने स्वतःच्या डोक्यावर रेघ मारताना हात तसाच वळतो.

या वयात शरीर झपाट्याने बदलत असतं आणि त्याबद्दल कुणी चारचौघांत बोललेलं मुलींना नको असतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलींचा आकडा मी मोठ्याने वाचत नाही, कागदावर लिहून त्यांच्याच हातात देतो. तिला उभं राहायचा आग्रह करू नका. रेघांबद्दलही सरळ विचारू नका. तुम्ही किंवा तुमच्या बायकोने तिच्याकडे ट्रेसिंगला फक्त मदत मागा आणि वाट पाहा.

जुनी वही

डॉक्टरांनी वेगाचं सांगितलं त्यावरून आठवलं. फ्रान्समध्ये फिलिबेर द माँबेयार नावाच्या गृहस्थांनी आपल्या मुलाची उंची जन्मापासून अठरा वर्षांचा होईपर्यंत, १७५९ ते १७७७, साधारण सहा-सहा महिन्यांनी मोजून लिहून ठेवली. त्यांचे मित्र, निसर्गअभ्यासक ब्युफाँ यांनी ती छापली. एकाच मुलाची इतक्या लांब काळाची ही सर्वांत जुनी ज्ञात नोंद, आणि वाढीच्या अभ्यासात तिचा आलेख आजही दाखवतात, कारण किशोरवयातली ती एकदम घेतलेली उंची त्यात स्वच्छ दिसते. मला त्यातलं एकच फार भावतं, अठरा वर्षं त्या बापाने खंड पडू दिला नाही. आणि बहुधा मुलानेही.

तुमच्या वहीत आकड्यांशेजारी 'बुटांसकट' आणि 'तेवढाच' हेही उतरवून घ्या. मी माझ्या मुलांचे आकडे तेवढे ठेवले. आता मुलं तिशीत आहेत. आकडे सगळे आहेत, पण त्या दिवशी कोण काय बोललं त्यातलं एक वाक्य आठवत नाही.

उंबरठा

शनिवार रात्र. सगळ्यांचे आभार, आणि काय झालं ते सांगायलाच हवं.

फिल्म मिळाली. सकाळी लावली, शून्य दोनदा तपासलं. मुलं जमिनीवरच उभी राहायची, धाकट्याने तर टाचा नेमक्या कुठे असायच्या ती फरशीही दाखवली. थोरलीला म्हटलं, "माझा हात थरथरतो, अक्षरं तू गिरवशील?" ती आली. खालून सुरुवात केली. हत्ती झाला, धाकट्याचं सगळं झालं, 'बुटांसकट' तिने स्वतःचंच अक्षर गिरवत हसत हसत केलं. १४१.५ पर्यंत आलो आणि मी मुद्दाम थांबलो. पेनाला टोपण लावलं.

ती म्हणाली, "त्या तीन राहिल्या."

मी काही बोललो नाही. तिने टोपण काढलं आणि तिन्ही रेघा गिरवल्या, तिरप्या होत्या तशाच. तारखा तिच्या पाठ होत्या. पुठ्ठ्याची वही डोक्यावर धरून, दुसऱ्या हाताने पेन्सिल मागे नेऊन, आम्ही झोपल्यावर करायची म्हणे. मला सांगितलं का नाहीस, असं शेवटी तोंडातून निघालंच. ती फिल्मकडे बघत म्हणाली, "तू सगळ्यांसमोर मोठ्याने सांगतोस."

अकराव्या वाढदिवसाला घर पाहुण्यांनी भरलं होतं. मी आकडा ओरडून सांगितला होता आणि वर म्हटलं होतं, "बघा, आता बाबाच्या खांद्याला लागली." सगळे तिच्याकडे वळून बघत होते. मला अभिमान वाटत होता, तिला काय वाटलं असेल हे आज कळलं. मी "चुकलं माझं" म्हटलं. ती "हं" म्हणाली.

मग म्हणाली, "तू उभा राहा." माझी खूण चौकटीवर कधी झालीच नव्हती, इतक्या वर्षांत सुचलं नाही. मी चप्पल काढून उभा राहिलो. तिने माझी हनुवटी जरा खाली केली, टाचा उंचावून माझ्या डोक्यावर वही टेकवली आणि रेघ मारली. धाकटा "किती, किती" करत नाचत होता. तिने माझ्या कानाशी येऊन आकडा सांगितला. मग तिने आईला बोलावलं, आणि तिचाही आकडा तिच्याच कानात सांगितला.

धाकट्याने हत्तीला पुन्हा उभं केलं. वाढदिवस नव्हता तरी. पाचवा 'तेवढाच' फिल्मवरच लिहिलाय, चौकटीवर नाही.

सुतारकन्या

वाचून डोळे भरले. फिल्म गुंडाळताना लिहिलेली बाजू आत ठेवा आणि मध्ये एक साधा कागद घाला, नाहीतर शाई एकमेकीला लागते. घडी घालू नका, घडीची रेघ पुन्हा जात नाही. नळी मिळाली तर उत्तम.

उंबरठा

नळी आहे. थोरलीने नाव घालून कपाटावर ठेवलीसुद्धा. रंगारी उद्या नऊला येतोय, मुलांना घेऊन आम्ही साडेआठलाच बाहेर पडू.