मदत हवी आहे: आईसोबत नेदरलँड्स, तीनच दिवस

जूनमध्ये आईला घेऊन ॲमस्टरडॅमला चाललेय. आईनं आयुष्यभर शिवणकाम केलंय, त्यामुळे तिला खरी ओढ तिथल्या स्पाकेनबर्ग गावच्या बायकांच्या पारंपरिक पोशाखाची. खळ घालून पुठ्ठ्यासारखा ताठ केलेला, खांद्यावरचा तो फुलाफुलांचा क्रापलाप तिला जवळून बघायचाय. रोज तो घालणाऱ्या आज्या आता मोजक्याच उरल्यात. कुठल्या दिवशी गेलं तर भेटतील?

डेल्फ्टचा १६५३ पासूनचा निळ्या नक्षीच्या भांड्यांचा कारखाना आणि झान्स स्खान्सला लाकडी जोडे कोरताना बघणं ठरलंय. शुक्रवारी सकाळी आल्कमारचा चीज बाजार. पण आम्ही शाकाहारी, आणि पारंपरिक गौडा चीज वासराच्या जठरातल्या, दूध साकळवणाऱ्या रेनेटनं बनतं. शाकाहारी रेनेटचं चीज तिथे काय म्हणून मागायचं? कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.