विद्यार्थिनी निर्वासित असल्याचं लपवते, मी काय करावं?

सायली_लिहिते:
दर शनिवारी मी निर्वासितांच्या भाषावर्गात शिकवते. वर्गात एक बाई आहेत. मायदेशी बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होत्या, इथे परवाना नाही म्हणून वृद्धाश्रमात मदतनीस आहेत. कामावर त्या "नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो" एवढंच सांगतात.

परवा अर्ज भरायचा सराव घेतला. बाईंनी जन्मतारीख लिहिली १ जानेवारी. शेजारच्यानेही तीच, मागच्यानेही. मी बोलून गेले, "अरे वा, तिघांचा वाढदिवस एकाच दिवशी!" बाईंनी कागद पालथा घातला. जन्मदाखला नसला की नोंदणी करताना बऱ्याचदा १ जानेवारी टाकतात, हे मला नंतर कळलं. माफी मागितली, पण मनातून जात नाही. त्यांना मोकळं व्हायला सांगू का?

पायवाट:
ताई, कृपा करून सांगू नका. मी अशाच घरात वाढलो. आमच्याकडे पासपोर्ट नव्हता, १९५१ च्या निर्वासितविषयक करारातल्या कलम २८ प्रमाणे मिळणारं प्रवासपत्र होतं. त्याच्या मुखपृष्ठावर, वरच्या कोपऱ्यात दोन तिरके पट्टे असतात. रांगेत आई ते असं धरायची की अंगठा नेमका पट्ट्यांवर यायचा. शेजारी वाईट नव्हते हो. पण कळलं की एक तर कीव करायचे, नाही तर "परत कधी जाणार?" विचारायचे.

आठवीत असताना दवाखान्यात मीच आईचा दुभाषी. डॉक्टरांनी विचारलं, झोप लागते का? आई म्हणाली, नाही, रात्री दार वाजल्यासारखं वाटतं. मी डॉक्टरांना सांगितलं, "हो, लागते." मला लाज वाटली होती. पट्टे झाकायला मी तिच्याकडूनच शिकलो होतो. तिचं दुखणं पुढे दोन वर्षं तसंच राहिलं. तिथे मोठा, परका दुभाषी हवा होता. तुमच्या वर्गातल्या कुणाला दवाखान्यात जायचं असेल तर मुलांना मध्ये घालू देऊ नका, एवढं बघा.

मंदा_कुलकर्णी_नव्हे:
प्रत्येक वेळी लाजच असते असं नाही. मागे राहिलेल्या भावंडांना त्रास होईल म्हणूनही लोक गप्प राहतात. कुणाला काय सांगायचं ते बाईंनाच ठरवू द्या. परवान्याचं मात्र विचारा. त्याच करारात, कलम २२ मध्ये, परदेशी प्रमाणपत्रांच्या मान्यतेचा उल्लेख आहे. प्रत्यक्षात नर्सिंगचे नियम देशागणिक वेगळे, त्यामुळे तिथल्या नोंदणी मंडळाकडे चौकशी करावी लागेल.

सायली_लिहिते:
दोघांचेही आभार. पायवाट, तुमच्या आईंचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

या शनिवारी मी धडा बदलला, दवाखान्यातले शब्द घेतले. 'नाळ'ला इथे काय म्हणतात, ते बाईंनीच विचारलं. फळ्यावर लिहून दिलं. मग बाळाच्या मानेभोवती नाळ असली तर बोट कसं घालायचं, वेढा डोक्यावरून कसा काढायचा, हे त्या स्वतःची ओढणी घेऊन वर्गाला दाखवत होत्या. तास संपला तरी कुणी उठलं नाही.